मसादाची साक्ष कुठवर चालते?

१९६९च्या जुलै महिन्यात इस्रायलने मृत समुद्राकाठच्या मसादा या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी काही मानवी अस्थी लष्करी इतमामात दफन केल्या. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमन सैन्यापुढे शरण जाण्याऐवजी ज्यांनी मरण पत्करले, त्या ज्यू वीरांच्या या अस्थी, असे तेव्हा सांगितले गेले. त्या त्यांच्याच होत्या हे त्या दिवशी सिद्ध झालेले नव्हते. पुढच्या पन्नासहून अधिक वर्षांतही ते सिद्ध झालेले नाही. उलट शंका वाढतच गेल्या. एखाद्या राष्ट्राने आपल्या पूर्वजांचा मान राखावा यात गैर काहीच नाही. पण जमिनीतून काय निघाले आणि आपण त्यातून काय मानून घेतले, यांतली सीमा उत्खनन करणाऱ्यानेच पुसली, तर पहिला बळी त्या किल्ल्याच्या खऱ्या इतिहासाचा जातो. मसादाचे तसे झाले. हा किल्ला जितका बारकाईने खणला गेला तितके वाळवंटातले फार थोडे किल्ले खणले गेले असतील, आणि तरीही त्याच्याविषयी जगाला ठाऊक असलेली गोष्ट मुख्यतः एका माणसाच्या लेखणीवर उभी आहे. तो माणूस त्या वेळी तिथे हजर नव्हता.

आधी किल्ला पाहू. जुदियाच्या वाळवंटाच्या पूर्व कडेला, मृत समुद्राच्या पातळीपासून सुमारे ४५० मीटर उंच, चहूबाजूंनी तुटलेला हा डोंगर आहे. माथा सपाट, साधारण ६०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद. पाऊस इतका तुरळक की वर्षातून मोजके लोंढे ओढ्यांतून धावतात आणि मग महिनोन्‌महिने काहीच नाही. इ.स.पू. ४०मध्ये पार्थियन सैन्य जुदियात घुसले तेव्हा हेरोदाने आपल्या कुटुंबाला या डोंगरावर ठेवले आणि स्वतः मदतीच्या शोधात रोमकडे निघाला. वर अडकलेल्यांचे पाणी संपत आले. बाहेर पडून जीव वाचवावा असा बेत ठरत असतानाच एका रात्री पाऊस आला आणि टाकी भरली, असे नोंदलेले आहे. पुढे राजा झाल्यावर हेरोदाने इथे जे बांधले त्यात त्या तहानेची आठवण असावी असे मला वाटते. डोंगराच्या पश्चिमेच्या ओढ्यांना बंधारे घालून पुराचे पाणी चरांनी वळवायचे, उतारात खोदलेल्या बारा प्रचंड टाक्यांत साठवायचे, आणि तिथून माणसांनी व जनावरांनी ते माथ्यावर वाहून न्यायचे, अशी ती व्यवस्था. या टाक्यांची एकूण क्षमता सुमारे ४० हजार घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर धरली जाते. या पाण्याच्या बळावर वाळवंटाच्या माथ्यावर रोमन पद्धतीचे गरम पाण्याचे स्नानगृह चालत होते, आणि उत्तर टोकावर कड्याला लगटून तीन टप्प्यांत उतरणारा राजवाडा उभा होता. इटलीहून खास हेरोदासाठी आलेल्या दारूच्या कुंभांवरचा मजकूरही सापडला आहे. हा सगळा खटाटोप कशासाठी? हेरोदाला दोन भये होती: स्वतःची प्रजा उलटेल हे एक, आणि इजिप्तची क्लिओपात्रा आपले राज्य गिळेल हे दुसरे. मसादा हे मुळात एका घाबरलेल्या राजाचे आश्रयस्थान होते.

या राजाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी, इ.स. ६६मध्ये, ज्यूंनी रोमविरुद्ध बंड केले तेव्हा सिकारी नावाच्या एका गटाने किल्ल्यावरची रोमन शिबंदी मारून तो ताब्यात घेतला. इ.स. ७०मध्ये जेरुसलेम पडले, मंदिर जळाले. उरलेल्या किल्ल्यांमध्ये मसादा शेवटचा. रोमन सुभेदार लुसियस फ्लावियस सिल्वा दहावी लीजन घेऊन आला, त्याने डोंगराभोवती सुमारे चार किलोमीटर लांबीची भिंत घातली, आठ छावण्या ठोकल्या आणि पश्चिमेच्या नैसर्गिक सोंडेवर भराव टाकून वर चढणारा उतार तयार केला. तटाला खिंडार पडले. आतल्यांनी लाकूड आणि माती भरून दुसरी भिंत उभारली. रोमनांनी ती पेटवली. वारा आधी रोमनांच्या तोंडावर होता, मग फिरला आणि ज्वाळा आतल्या बाजूला झेपावल्या. त्या रात्री नेता एलाझार बेन याईर याने आपल्या लोकांना गुलामीपेक्षा मरण बरे असे पटवले, पुरुषांनी आपापल्या बायकामुलांना मारले, चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडले, त्या दहांनी बाकीच्यांना संपवले, दहांतल्या एकाने उरलेल्यांना, आणि शेवटी स्वतःला. एकूण ९६० माणसे. पाण्याच्या भुयारात लपलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी वाचली. वर्ष इ.स. ७३ की ७४ यावर वाद आहे. इटलीत सापडलेल्या सिल्वाच्या शिलालेखांमुळे बरेच अभ्यासक ७४कडे झुकतात.

हा सगळा वृत्तान्त देणारा एकमेव लेखक म्हणजे जोसेफस, आणि त्याचे लिखाण आपण मराठी वाचकांनी बखर वाचावी तसे वाचायला हवे: मोलाचे, पण कोणाच्या आश्रयाने आणि कशासाठी लिहिले आहे हे ध्यानात ठेवून. जोसेफस हा याच बंडात गालील प्रांताचा सेनानी होता. इ.स. ६७मध्ये तिथले योदफत गाव पडले तेव्हा तो साथीदारांसह एका गुहेत अडकला. शरण न जाता एकमेकांना मारायचे असे ठरले, चिठ्ठ्या पडल्या, आणि शेवटी उरलेल्या दोघांत जोसेफस होता. तो शरण गेला, पुढे रोममध्ये फ्लावियन सम्राटांच्या आश्रयाने राहिला आणि तिथे त्याने युद्धाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला. म्हणजे चिठ्ठ्या टाकून सामूहिक मरणाची गोष्ट त्याच्या ग्रंथात दोनदा येते, आणि पहिल्या वेळी तिचा नायक तोच आहे. एलाझारची दोन लांबलचक भाषणे त्याने शब्दशः दिली आहेत. त्यांत ग्रीक तत्त्वज्ञांना शोभेल अशी आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा आहे. ती ऐकून कोणी सांगितली असेल तर भुयारात लपलेल्या त्या दोन स्त्रियांपैकी एकीने. शे कोहेन या अभ्यासकाने १९८२मध्ये दाखवून दिले की वेढ्यात सापडलेल्या शहरातली सामूहिक आत्महत्या हा ग्रीक-रोमन इतिहासकारांच्या लिखाणात वारंवार येणारा प्रसंग आहे. याचा अर्थ मसादावर कोणी स्वतःला मारलेच नाही असा होत नाही. घटना घडली असेल आणि तिचे वर्णन मात्र साच्यात बसवलेले असेल. पण त्या रात्रीचा तपशील पुरावा म्हणून समोर ठेवता येत नाही, एवढे नक्की.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जोसेफसवर इतका अविश्वास असेल तर त्याने वर्णन केलेला किल्ला जसाच्या तसा सापडला कसा? तट सापडला, कोठारे सापडली, टाकी सापडली, उत्तरेचा राजवाडा सापडला, रोमन भराव तर उघड्या डोळ्यांना दिसतो. मान्य. ज्या गोष्टी रोमन अधिकाऱ्यांच्या टिपणांतून मिळू शकत होत्या त्यांत जोसेफस बराच विश्वासार्ह आहे. पण तिथेही फरक आहेत. तो राजवाड्याचे खांब अखंड दगडाचे सांगतो; प्रत्यक्षात ते दगडी तुकडे एकावर एक रचून, वर गिलावा करून अखंड भासवलेले आहेत. तो एका राजवाड्याचे वर्णन करतो. माथ्यावर दोन मोठे राजवाडे आहेत. सगळी चीजवस्तू एका ठिकाणी गोळा करून पेटवली असे तो लिहितो; जळाल्याच्या खुणा अनेक इमारतींत विखुरलेल्या मिळाल्या. आणि ९६० मृतांपैकी उत्खननात सापडली ती जेमतेम अठ्ठावीस माणसांची हाडे. तटाचे आणि कोठारांचे वर्णन बरोबर आले म्हणून रात्रीचे भाषणही बरोबर, असा तर्क कोणी न्यायालयात करणार नाही. वास्तूविषयी दिलेली साक्ष खरी निघाली तर ती वास्तूपुरती खरी. माणसांच्या मनात त्या रात्री काय होते याचा निवाडा दगडांकडून होत नसतो. मसादाच्या रोमन छावणीत स्वतः उत्खनन केलेल्या जोडी मॅग्नेस यांनीही हेच स्वच्छपणे लिहिले आहे: आत्महत्या झाली की नाही हे पुरातत्त्व सिद्धही करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही.

मग ही गोष्ट इतकी प्रबळ झाली कशी? आश्चर्य असे की ज्यू परंपरेने स्वतः ती जवळजवळ टाकून दिली होती. तालमूदमध्ये मसादाचे नाव नाही. जेरुसलेम पडल्यावर ज्या धर्मपंडितांनी यावने इथे बसून धर्माची फेरमांडणी केली, त्यांच्या परंपरेला मरण पत्करणाऱ्या सिकारींपेक्षा जगून शिकवणारे लोक महत्त्वाचे वाटले. किल्ल्यावर बायझंटाईन काळात काही ख्रिस्ती साधू राहिले, त्यांनी छोटे चर्च बांधले, आणि नंतर तो विस्मरणात गेला. १८३८मध्ये एडवर्ड रॉबिन्सन आणि एली स्मिथ या अमेरिकन प्रवाशांनी एन गेदीहून दुर्बिणीतून पाहून त्याची ओळख पटवली. विसाव्या शतकात चित्र पालटले. १९२७मध्ये यित्झाक लमदान या कवीची मसादावरची हिब्रू कविता प्रसिद्ध झाली आणि तिच्यातली एक ओळ प्रतिज्ञेसारखी पिढ्यांच्या तोंडी गेली. शमार्याहू गुटमन या कार्यकर्त्याने तरुणांच्या तुकड्या पायी किल्ल्यावर न्यायला सुरुवात केली. १९४२ साली, जर्मन सैन्य उत्तर आफ्रिकेतून पुढे सरकत असताना, त्याने माथ्यावर शिबिर भरवले. राष्ट्र उभे राहिल्यावर रणगाडा दलाचे जवान इथे शपथ घेऊ लागले. आणि १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादिन यांनी इथे उत्खनन केले. ते इस्रायली लष्कराचे माजी सरसेनापती होते आणि विद्वान पुरातत्त्वज्ञही. त्यांच्या हाकेला जगभरातून स्वयंसेवक धावले. इतक्या दुर्गम जागी, इतक्या कमी अवधीत इतके काम उरकणे ही मोठीच गोष्ट होती, आणि यादिन यांच्या शोधकर्तृत्वाबद्दल मला आदर आहे.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. यादिन यांचे सर्वसामान्य वाचकांसाठीचे सचित्र पुस्तक १९६६मध्ये आले आणि जगभर गाजले. शास्त्रीय अहवालाचा पहिला खंड मात्र १९८९ साली निघाला. तोवर यादिन यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. तेवीस वर्षे जगाकडे गोष्ट होती आणि ती तपासायची सामग्री नव्हती. त्या काळात काय काय घट्ट बसले ते पाहावे. उत्तरेच्या राजवाड्याच्या खालच्या टप्प्यावर तीन व्यक्तींचे अवशेष सापडले; त्यांत एका स्त्रीची वेणी शाबूत होती, आणि ते दृश्य कोणालाही हलवून सोडेल असेच आहे. तपासणीत पुरुषाचे वय वीस-बावीस, स्त्रीचे सतरा-अठरा आणि मुलाचे अकरा-बारा असे आले. सतरा-अठरा वर्षांची मुलगी अकरा वर्षांच्या मुलाची आई असू शकत नाही. तरीही पुढे त्या तिघांची ओळख एक सेनानी, त्याची पत्नी आणि त्यांचे मूल अशी झाली. दक्षिणेच्या कड्यातल्या गुहेत सुमारे पंचवीस व्यक्तींची हाडे सापडली. त्यांच्याबरोबर डुकराची हाडेही होती. ज्यू मृतांशेजारी डुकराची हाडे का असावीत? शिवाय जिने किल्ला जिंकला आणि नंतर तिथे तळ ठेवला त्या दहाव्या लीजनचे एक चिन्ह रानडुक्कर होते. काही संशोधकांना ती हाडे रोमनांची वाटतात. नक्की कोणाची, हे ठरलेले नाही. आणि ठरलेले नसताना ती हाडे लष्करी सलामीत पुरली गेली. मातीच्या खापरांचेही तसेच. नावे लिहिलेली अकरा छोटी खापरे मिळाली, त्यांतल्या एकावर बेन याईर असे नाव होते. याच त्या शेवटच्या चिठ्ठ्या असाव्यात, ही कल्पना यादिन यांनी मांडली आणि ती सर्वांच्या मनात बसली. पण किल्ल्यावर अक्षरे व नावे लिहिलेली खापरे सातशेहून अधिक सापडली आहेत. त्यांतली बरीच शिधावाटपाची किंवा धान्यसाठ्याची असावीत. सातशेंतून अकरा वेचून काढायची आणि जोसेफसच्या दहाच्या आकड्याला जोडायची, यात पुराव्याने गोष्ट घडवलेली नाही. गोष्टीने पुरावा निवडला आहे.

निवडीतून काय वगळले गेले ते याहून गंभीर आहे. जो जोसेफस एलाझारचे भाषण देतो, तोच जोसेफस हेही सांगतो की याच किल्ल्यावरच्या सिकारींनी वल्हांडणाच्या सणात जवळच्या एन गेदी या ज्यू वस्तीवर धाड घातली, सातशेहून अधिक बायकामुले मारली आणि धान्य लुटून किल्ल्यावर नेले. सिकारी हे नावच त्यांच्या वस्त्रांत लपवलेल्या खंजिरावरून पडले होते, आणि तो खंजीर बहुधा स्वकीयांवर चालला होता. समाजशास्त्रज्ञ नखमन बेन-येहुदा यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे आणि मार्गदर्शकांची निवेदने धुंडाळून दाखवले की शौर्यगाथेत हा प्रसंग पद्धतशीर गाळला गेला. आता कोणी म्हणेल, जोसेफसला सिकारींचा राग होता, त्यामुळे एन गेदीची हकीकतही अतिरंजित असेल. असेलही. पण मग निकष दोन्हीकडे सारखा लावा. त्याचे ९६० खरे मानायचे आणि ७०० खोटे, ही मुभा कोणालाच नाही.

या सगळ्यावर सर्वांत मानवी आक्षेप असा आहे: युरोपात साठ लाख ज्यू मारले गेल्यानंतर उभ्या राहिलेल्या एका छोट्या राष्ट्राला धीर देणारी गोष्ट हवी होती, आणि ती मसादाने दिली, विद्वानांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवरून तिला नख का लावावे? त्या लोकांच्या वेदनेपुढे मी नम्र आहे. पण धीर देण्यासाठी मसादाचीच गोष्ट, आणि तीही अशीच छाटलेली, आवश्यक होती हे मला पटत नाही. शेवटी सगळ्यांनी मरावे असे सांगणारी कथा जगू पाहणाऱ्या राष्ट्राला कितपत पुरते, हा प्रश्न खुद्द इस्रायलमध्ये विचारला गेला आणि रणगाडा दलाचा शपथविधी नंतर लात्रूनला हलला. या गोष्टीची कठोर चिकित्सा करणारे बहुतेक लोक इस्रायली किंवा ज्यू अभ्यासकच आहेत, हेही नोंदवायला हवे. आपल्या सर्वांत लाडक्या कथेला आपल्याच विद्यापीठांतून प्रश्न विचारू देणारा समाज त्यामुळे दुबळा झालेला दिसत नाही. दुसरी भीती अशी सांगितली जाते की शंका घेतली की त्या भूमीशी ज्यूंचे प्राचीन नाते नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळते. पुरावा याच्या अगदी उलट आहे. माथ्यावरचे सभास्थान, शुद्धिस्नानाची कुंडे, बंडाच्या काळात पाडलेली नाणी, लेवीय, अनुवाद, यहेज्केल आणि स्तोत्रे या हिब्रू बायबलमधल्या ग्रंथांच्या हस्तलिखितांचे तुकडे, याजकांचा वाटा नोंदणारी खापरे हे सगळे निर्विवादपणे जागेवर सापडले आहे. त्याला एलाझारच्या भाषणाचा टेकू लागत नाही. उलट कच्चा पुरावा पक्क्याशेजारी मांडला की पक्क्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

आणि गोष्ट बाजूला सारली की किल्ला रिकामा होतो असेही नाही. तटाच्या दुहेरी भिंतींमधल्या खोल्यांत कुटुंबे राहत होती. त्यांच्या चुली, कंगवे, चपला, विणलेल्या कापडाचे तुकडे कोरड्या हवेने जपून ठेवले आहेत. राजाच्या मेजवानीसाठी बांधलेल्या दालनांत निर्वासितांनी आडभिंती घालून बिऱ्हाडे थाटली. दुसऱ्या बाजूला गाइयस मेसियस नावाच्या रोमन शिपायाच्या पगाराचा कागद सापडला आहे: पन्नास दिनारी वेतन, त्यातून जनावरासाठी सातू, स्वतःचे जेवण, बूट, चामडी पट्टे आणि तागाचा सदरा यांची वजावट, आणि हाती जवळजवळ काही नाही. जग जिंकणाऱ्या सैन्याचा शिपाई स्वतःच्या बुटांचे पैसे भरत होता. एका पपायरसच्या तुकड्यावर कोणीतरी व्हर्जिलच्या महाकाव्यातली एक ओळ लिहून ठेवली आहे. रोमन छावण्यांना पाणी आणि अन्न दुरून वाहून आणत होते ते ज्यू कैदी, असे जोसेफसच सांगतो; त्यांच्यासाठी कोणी सलामी दिली नाही. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये ड्रोनने मोजमाप करून मांडले की वेढ्याची भिंत आणि छावण्या सुमारे दोन आठवड्यांत उभ्या राहू शकल्या असत्या आणि सारा वेढा काही आठवड्यांतच आटोपला असावा. तीन वर्षांच्या वेढ्याची लोकप्रिय समजूत यापुढे टिकत नाही. काही आठवड्यांत संपणारा वेढा ही साम्राज्याच्या यंत्रणेची गोष्ट आहे, आणि मला ती अधिक भयंकर वाटते.

यादिन यांनी इथे एक उत्तम गोष्टही करून ठेवली. पडक्या भिंती त्यांच्या चमूने पुन्हा काही उंचीपर्यंत रचल्या तेव्हा त्यांवर एक काळी रेघ ओढली: रेघेखालचे मूळ, वरचे नवे. पाहणाऱ्याला क्षणात कळते. दगडांच्या बाबतीत पाळलेला हा प्रामाणिकपणा कथेच्या बाबतीत पाळला गेला असता तर मला हा लेख लिहावा लागला नसता. २००१मध्ये मसादा जागतिक वारसा यादीत आला. २०२५च्या जुलैत त्याच यादीत मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले दाखल झाले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतले जिंजी. कोकणातून गेलेली मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबे बीरशेबा आणि दिमोनासारख्या नेगेवमधल्या गावांत स्थायिक झाली. त्यांना मसादाही आपला आणि रायगडही. आपल्याकडेही किल्ला आधी कथेने ओळखला जातो. घोरपडीची दोरी लावून सिंहगड चढणे हे पोवाड्यातले आहे; ते पुसू नये, पोवाड्यातले म्हणून सांगावे. हिरकणीची कथा लोकपरंपरा म्हणून सांगावी, आणि टाकी, दरवाजे, धान्यकोठारे यांविषयी जे मोजता आले ते मोजमाप म्हणून सांगावे. यादीत आलेल्या किल्ल्यांवर आता नवे फलक लागतील, डागडुजी होईल, पुनर्बांधणीची मागणी होईल. पुरातत्त्व खात्याला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. प्रत्येक नव्या बांधकामावर मूळ कुठे संपते ते दिसू द्या, आणि प्रत्येक उत्खननाचा अहवाल तिथला फलक रंगवण्यापूर्वी मराठीत छापा.